रक्तगट : आर्सेनल पॉझिटिव्ह

काकू, नमस्कार.

मी महालात वाढलेली, नवरा कोथरूडचा. मिहानमधल्या नोकरीसाठी तो सहा वर्षांपूर्वी नागपुरात आला आणि आम्ही मनीष नगरात माझ्या भावाच्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. चूक तिथेच झाली. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये भाऊ मँचेस्टर युनायटेडचा, नवरा आर्सेनलचा. दोघांच्याही जर्सी लाल, त्यामुळे सासूबाई पहिलं वर्षभर त्यांना एकाच पार्टीचे समजत होत्या.

आधी नुसती चिडवाचिडवी होती. आता प्रकरण डॉक्टरकीवर गेलंय. भावाचं म्हणणं, पुणेकराच्या आमटीत गूळ असतो, तो रक्तात उतरतो, रक्त दाट होतं आणि मग माणसाला गोल मारण्यापेक्षा गोड गोड पास द्यायला आवडतं. शिवाय एक ते चार झोपायची सवय, म्हणून टीमही ऐन मोक्याला झोपते. नवरा म्हणतो, सेहेचाळीस डिग्रीत मेंदूतलं पाणी आटतं, वरच्या ताज्या आठवणी उडून जातात आणि जुन्या तळाशी बसतात. म्हणून नागपूरच्या युनायटेडवाल्याला १९९९ सोडून काही आठवत नाही. शेजारच्या बंगाली काकू (वडील रेल्वेत होते, घराणं ईस्ट बंगाल या फुटबॉल टीमचं) दोघांनाही मोडीत काढतात. ज्याने लहानपणी हिल्साचे काटे काढून खाल्ले नाहीत त्याच्या नसांत धीर नसतो, हे त्यांचं निदान.

हसून सोडलं असतं. पण माझा नऊ वर्षांचा मुलगा यात सापडलाय. तो ‘मिक्स केस’ म्हणून दोघं त्याची तपासणी करतात. मामा नाडी धरतो आणि ‘आठ-दोन’ म्हणतो. बाबा जीभ बघतात आणि ‘अजून वाचवता येईल’ म्हणतात. आणि आता कुणाचीही मोठी मॅच असली की पोराच्या पोटात दुखायला लागतं. रविवारी सकाळी बिल्डिंगमागे खेळताना मात्र कधी दुखत नाही. काय करू?

ता. क. दोन्ही जर्सी एकत्र मशीनमध्ये गेल्या आणि त्याचा शाळेचा पांढरा शर्ट गुलाबी झाला. त्याचंही सांगा.

— दोन लालांमधली, मनीष नगर

प्रिय दोन लालांमधली,

आधी माझी पात्रता सांगते. मी डॉक्टर नाही. चौतीस वर्षं डॉक्टरची बायको आहे आणि धंतोलीत राहते, जिथे दगड भिरकावला तर तो दवाखान्याच्या पाटीलाच लागतो. तुमचं पत्र मी डॉक्टरांना जेवताना वाचून दाखवलं. गुळाच्या सिद्धांताला ते इतके हसले की ठसका लागला. पोटदुखीच्या ओळीला मात्र त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. तिकडे येतेच, पण आधी तुमच्या घरच्या दोन वैद्यांचा समाचार घेऊ द्या, कारण अशी संधी मला रोज मिळत नाही.

दोघांना वाटत असेल की आपण काही नवीन शोधलंय, तर त्यांना सांगा, फार उशीर झाला. हिपोक्रेटिसच्या नावावर हवा, पाणी आणि जागा या विषयावरचा एक ग्रंथ आहे, सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात आशियातले लोक मवाळ आणि लढाईला नाखूश का, तर तिकडे ऋतू फारसे बदलत नाहीत म्हणून, असं अगदी गंभीरपणे लिहिलंय. त्या गृहस्थाने नागपूरचा मे आणि नागपूरचा डिसेंबर पाहिला नव्हता. पुढे कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली रक्तगट मांडले, तर जपानमध्ये लोक त्यावरूनच स्वभाव सांगायला लागले, अजून सांगतात. ए सापडला, बी सापडला, ओ सापडला. गनर, म्हणजे आर्सेनलवाला, अजून कुठल्या लॅबला सापडलेला नाही.

गुळाचं म्हणाल तर तो कोथरूडचा असो की कोल्हापूरचा, आतड्यात गेल्यावर साखरच होते, आणि साखर वाढली की माणूस पास देत नाही, सारखा बाथरूमला जातो. भावाने इथे सावजीचा मोठेपणा सांगायला सुरुवात केली असणारच. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला जाऊन चिकटतं आणि मेंदूला खोटीच वर्दी देतं की आग लागली. याच शोधासाठी डेव्हिड ज्युलियसना २०२१ च्या नोबेलमधला वाटा मिळाला. म्हणजे सावजी खाल्ल्यावर आपल्याला जे शौर्य चढतं ते खोट्या अलार्मवर धावून आलेल्या फायर ब्रिगेडचं शौर्य असतं. जावयाने पाणी प्यायलं तर आणखी भडकतं, हे भावाला ठाऊक आहे आणि तरी तो पाण्याचाच ग्लास पुढे करत असणार. तुम्ही दही ठेवत जा.

नवऱ्याचा सिद्धांत जास्त धोकादायक आहे, कारण त्याला एक पुरावा चुकून लागू पडतो. युनायटेडने शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दोन गोल मारून बायर्न म्युनिकला हरवलं ती बार्सिलोनातली फायनल २६ मे १९९९ ची. आपल्याकडे ते गोल झाले तेव्हा मध्यरात्र उलटून दोन वाजत आले होते आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, नुकताच लागला होता. नवतप्यात नागपूरकर रात्री दोनला जागाच असतो, फुटबॉल असो वा नसो. आता भावाला विचारा की त्या रात्री तू कुठे होतास. मी पैज लावते, तो गच्चीवर नाहीतर कुणाच्या तरी घरात कूलरसमोर बसला असेल, आणि ते घर त्याचं स्वतःचं नसेल. तेव्हा उन्हाने आठवणी वगैरे उडत नाहीत. उन्हाने पोट्टे ज्याच्याकडे कूलर आणि केबल, त्याच्या घरी जमतात आणि त्या घरची टीम घेऊन परत येतात. नवऱ्यालाही विचारा की आर्सेनल लीगचा अख्खा सीझन एकही मॅच न हरता जिंकली त्या २००३-०४ ला तो कुठल्या होस्टेलवर होता आणि रूममेट कोण होता. नाव सांगताना त्याचा आवाज बदलेल बघा.

आणि भावाच्या ‘आठ-दोन’चं काय? २८ ऑगस्ट २०११, युनायटेडने आर्सेनलला ८-२ ने धुतलं, हे खरंच आहे. पण नऊ वर्षांच्या पोराच्या नाडीत ते लागत नाही. त्या मॅचच्या वेळी त्याचे आईबाप एकमेकांना भेटले तरी होते का, मला शंका आहे.

आता भावाचं आवडतं वाक्य, जे तुम्ही लिहिलं नाहीत पण तो बोलत असणारच: युनायटेड आपल्यासारखी राकट आणि आर्सेनल पुणेरी. इथे मात्र मला फार मजा आली, कारण खरा इतिहास या दोघांच्या पायात पाय घालतो. आर्सेनल १८८६ साली लंडनच्या वूलिच भागात तोफा-दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यातल्या कामगारांनी काढली. आपल्या भाषेत ऑर्डनन्स फॅक्टरीची टीम. पुण्याला खडकीत दारूगोळ्याचा कारखाना आहे हे मान्य, पण मग आपल्या अंबाझरीला काय संत्रा बर्फी बनते? युनायटेड त्याआधीची, १८७८ ची, आणि ती काढली रेल्वेच्या डबे-वाघिणी विभागातल्या लोकांनी. नाव होतं न्यूटन हीथ, जर्सी हिरवी-सोनेरी. मँचेस्टर युनायटेड हे नाव १९०२ मधलं. भाऊ ज्या लाल रंगासाठी रक्त आटवतो तो रंग त्या टीमने मागाहून अंगावर घेतलाय.

त्याला एक पुरावा मात्र मी फुकट देते, कारण शेवटी माहेरचा माणूस आहे. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि सगळ्यांची नजर आपल्याकडे, वऱ्हाडाच्या कापसाकडे वळली. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिकडे न्यूटन हीथ. तेव्हा त्या पहिल्या खेळाडूंच्या सदऱ्यात वऱ्हाडातल्या एखाद्या बोंडाचा धागा नसेलच असं कोण सांगणार? हा सिद्धांत मी आत्ता स्वयंपाकघरात उभी राहून तयार केलाय, त्याला काडीचा आधार नाही, आणि तरी तो तुमच्या घरच्या तिन्ही सिद्धांतांपेक्षा बरा आहे.

गंमत सोडा, पण या भांडणांची मुळं पित्तात नसतात, हिशेबाच्या वहीत असतात. मँचेस्टर आणि लिव्हरपूल एकमेकांना पाण्यात पाहतात त्याची बरीच सुरुवात खरंच पाण्यात आहे: लिव्हरपूलच्या बंदराला पैसे मोजायला नकोत म्हणून मँचेस्टरने थेट समुद्रापर्यंत कालवा खणला, १८९४ ला तो सुरू झाला. आर्सेनल १९१३ ला टेम्स ओलांडून उत्तरेत आली आणि टॉटनम या क्लबच्या दाराशी येऊन बसली, तेव्हापासून त्यांचं शेजाऱ्यांचं भांडण. आपलं तरी काय वेगळं? नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होतं, मग मुंबईकडे बघत बसलं, आणि आता आपण जावयाच्या आमटीतल्या गुळावर बोलतो. विदर्भात याला अनुशेष म्हणतात. तो सिंचनाचा असतो, रस्त्यांचा असतो, आणि बारा महिने साठला की फुटबॉलवर निघतो.

बंगाली काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं निदान चूक, पण त्यांचा मासा खरा आहे. मोहन बागान १८८९ ची, ईस्ट बंगाल १९२० ची; पद्मा नदीपलीकडून आलेल्यांची टीम ईस्ट बंगाल आणि तिचा मासा हिल्सा, अलीकडच्यांची मोहन बागान आणि त्यांची कोळंबी. फाळणीत ज्यांचं गाव, घर, तळं सगळं तिकडे राहिलं त्यांना सोबत आणता येण्यासारखं फार नव्हतं. चव आणता आली, टीम आणता आली. बेंगॉल नागपूर रेल्वेने किती बंगाली घरं आपल्याकडे आणून वसवली ते धंतोलीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मॅचच्या दिवशी काकू मासा तळतात तेव्हा त्यांना नसांबद्दल विचारू नका. वडिलांबद्दल विचारा, आणि मुलाला बरोबर न्या.

आता मुद्द्याचं. ही टीमची बाधा होते कशी, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. २००६ च्या वर्ल्डकपची फायनल, इटली आणि फ्रान्स. आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाली. आमच्याकडे माझे दीर अकोल्याहून आलेले, दोन पुतणे, डॉक्टर, मी, आणि झोप येत नाही म्हणून बाहेर येऊन बसलेल्या माझ्या सासूबाई, वय तेव्हा एक्क्याऐंशी. डॉक्टरांना लहर आली आणि त्यांनी खालून दवाखान्यातलं बीपीचं यंत्र आणलं, जुनं पाऱ्याचं, लाकडी पेटीतलं. सोफ्यावर ओळीने सगळ्यांचं बीपी घेतलं आणि कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं. सासूबाईंचं सगळ्यांत चांगलं, एकशे अठ्ठावीस. मग एक्स्ट्रा टाइममध्ये फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या त्या मातेराझ्झीच्या छातीत डोकं घातलं आणि लाल कार्ड घेऊन कपाजवळून खाली मान घालून आत गेला. डॉक्टरांनी परत फेरी मारली. ओरडणाऱ्या पुतण्यांचं जेमतेम वाढलं होतं. सासूबाईंचं एकशे साठच्या वर. त्यांना ऑफसाइड माहीत नव्हतं, फ्रान्स कुठे आहे तेही माहीत नव्हतं. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “कोणाचं तरी पोर आहे ना ते. काहून केलं असं त्यानं?” त्या रात्रीपासून वारेपर्यंत त्या फ्रान्सच्या होत्या.

बघा, जन्म वर्ध्याचा, आहार वरण-भात, प्रकृती वाताची, आणि टीम फ्रान्स. अशी केस हिपोक्रेटिसलाही सुटली नसती. लागण शेजारी बसल्याने होते. आणि ती फक्त मनाला होत नाही. त्याच २००६ च्या स्पर्धेत म्युनिकच्या डॉक्टरांनी मोजलं: जर्मनीची मॅच असेल त्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या केसेस एरवीच्या २.६६ पट झाल्या, आणि मॅच सुरू झाल्यापासूनचे पहिले दोन तास सर्वांत वाईट. १९९४ च्या फायनलला ब्राझील आणि इटलीच्या चाहत्यांची लाळ मॅचआधी आणि मॅचनंतर तपासली होती. जिंकलेल्यांचं टेस्टोस्टेरॉन वर गेलं, हरलेल्यांचं खाली आलं, आणि दोघांनीही चेंडूला पाय लावलेला नव्हता. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या शरीरात एवढी उलथापालथ होते, तर त्या सोफ्यावर दोघांच्या मध्ये बसलेल्या नऊ वर्षांच्या पोराच्या पोटात काही होणार नाही?

डॉक्टर घास ठेवून काय म्हणाले ते लिहिते. असलं पोट खोटं दुखत नसतं. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, मुलाला ताण आला की ते आवळतं आणि खरंच दुखतं. म्हणून ‘नाटक करतो’ हे वाक्य घरात कुणी उच्चारायचं नाही. दुखणं त्याला झोपेतून उठवत असेल, उलट्या, ताप, शौचातून रक्त, वजन उतरणं यांपैकी काहीही असेल, किंवा तो नेहमी एकाच जागी बोट ठेवून दाखवत असेल, तर हे सदर बाजूला ठेवा आणि सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा. तसं काही नसलं तरी एकदा दाखवून घ्या, तुमच्या मनासाठी. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की मैदानावर दुखत नाही. निदान तुम्हीच केलंत, आम्ही फक्त सही करतोय.

त्या पोराला कुठलीच टीम जड नाही. मामा खूश झाला की बाबा पडतात आणि बाबा खूश झाले की मामा, आणि दोघंही गोल झाल्यावर आधी टीव्हीकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघतात. हे तुम्ही त्या दोघांना सांगायचं आहे. भावाला तुम्ही सांगा, नवऱ्याला सासूबाईंकडून सांगवा. उलट केलंत तर दोघंही तुमच्यावरच उलटतील. मोठ्या भाषणाची गरज नाही. “आजपासून पोराची नाडी आणि जीभ बंद,” एवढं पुरे. भाऊ म्हणेल, “अबे, मजाक करून राहिलो ना ताई.” त्याला म्हणा, पोट्टा हसून नाही राहिला.

एकमेकांवर मात्र त्यांनी खुशाल सिद्धांत काढावेत. दोघांपैकी एकाने जरी ते सोडले तर मला काळजी वाटेल. परगावाहून येऊन बायकोच्या भावाच्या बिल्डिंगमध्ये राहणारा माणूस मेहुण्याशी रोज भांडतो म्हणजे तो इथे रुळलाय.

आणि मुलाला काम द्या. हातावर बांधायचं साधं डिजिटल बीपी यंत्र आणा आणि डॉक्टर त्याला करा. मॅचआधी पाच मिनिटं दोन्ही पेशंटनी गप्प बसायचं (तेवढीच तुम्हाला शांतता), मग त्याने दोघांचं बीपी घ्यायचं, वहीत लिहायचं, हाफटाइमला पुन्हा, आणि मग त्याला झोपायला जायची मुभा. मॅच रात्री साडेबाराची असेल तर मुळातच नाही, सकाळी उठून पेशंट तपासावेत. यात माझा एक आतला हेतू आहे: दोघंही चाळिशीत आलेले दिसतात, आणि या वयाचे पुरुष स्वतःहून बीपी मोजत नाहीत. मॅच नसलेल्या दिवशीही घरच्या यंत्रावर वरचा आकडा वारंवार १३५ च्या किंवा खालचा ८५ च्या वर दिसला तर छोट्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी द्यावी.

रविवारी सकाळी दोघांनाही खाली मैदानात उतरवा. एकाला गोलमध्ये उभा करा, दुसऱ्याला बॅकला. पंधरा मिनिटांत कुणाचं रक्त दाट आणि कुणाचं पातळ ते बिल्डिंगच्या सगळ्या बाल्कन्यांना कळेल. एखाद्या दिवशी कामठीला जाऊन तिथलं फुटबॉल दाखवा, पोराने टीव्हीबाहेरचा भरलेला ग्राउंड पाहायला हवा. आपल्याच शहरात २००१ साली विजय बारसे सरांनी भर पावसात झोपडपट्टीतल्या पोरांना फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिलं आणि त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं. त्या पोरांची जीभ कुणी तपासली नव्हती.

सीझन सुरू होतो ऑगस्टमध्ये, आणि पोळाही त्याच सुमाराला येतो. या वर्षी मुलाबरोबर एक छोटा बडग्या, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीत इडापिडा घेऊन जाणारा पुतळा, करा. जुनी वर्तमानपत्रं, दोन काड्या, वरून एक लाल चिंधी. त्याच्या पोटावर मुलाच्या अक्षरात सगळी निदानं लिहा: गूळ, ऊन, वामकुक्षी, आठ-दोन. मारबतीच्या दिवशी तो मामाच्या खांद्यावर द्या, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडायचं काम बाबांना. कोथरूडच्या माणसाला ते पहिल्यांदा नीट जमणार नाही. मामा शिकवेल.

राहिला शर्ट. सुकला नसेल आणि इस्त्री फिरली नसेल तर आशा आहे. कोमट पाण्यात ऑक्सिजनवालं ब्लीच घालून रात्रभर भिजवा, सकाळी एकटाच धुवा, आणि रंग गेलाय याची खात्री होईपर्यंत उन्हात टाकू नका. नवीन लाल जर्सी पहिल्या चार-पाच वेळा वेगळ्या बादलीत, गार पाण्यात. गेला नाहीच रंग, तर नवा शर्ट घ्या आणि त्याचे पैसे दोघांकडून अर्धे अर्धे वसूल करा. ‘रंग याच्या जर्सीचा गेला, माझ्या नाही’ असं दोघंही म्हणतील. तो शर्ट मी डॉक्टरांना दाखवला तरी त्यांना सांगता येणार नाही.

— काकू